फाइलीला घर विचारणारे सर

त्यांच्याविषयी चांगलं बोलणारी माणसं मला अजूनही भेटतात. भाजीबाजारात भेटतात, बँकेच्या रांगेत भेटतात. मागे एकदा दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी पडले होते, तोंडात कापूस कोंबलेला, तर डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी वाकून म्हणाली, "मॅडम, तुम्ही सरांच्या कॉलेजात होत्या ना?"

तोंडात कापूस होता म्हणून मी नुसती मान हलवली. सरांचं कॉलेज! मी त्या कॉलेजात त्यांच्या आधीपासून होते आणि आजही आहे. ते इन मीन चार-पाच वर्षं होते, तेही तेव्हाच्या माझ्यासारखेच तासिका तत्त्वावर. पण भंडाऱ्यात आमच्या कॉलेजातून संगणक शिकून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, त्याला सरच आठवतात. मी आठवते ती सरांच्या शेजारच्या वर्गातली मॅडम म्हणून.

माणूस दिसायला अगदी साधा. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. मूळचे मोहाडीचे. सायकलवरून यायचे असं म्हणायची पद्धत होती, पण खरं तर सायकल सोबत घेऊन चालत यायचे. घरापासून कॉलेजपर्यंत सायकल हातात धरून. मी एकदा विचारलंच, "सर, बसत का नाही हो तिच्यावर?"

"बसलो का विचार पडून जाते मॅडम," ते म्हणाले. "पायडल मारू का विचार करू? दोन्ही नाही होत."

"मग सायकल आणता कशाला?"

"एकटा चाललो तर लोक थांबवतेत, गाडीवर बसा म्हनतेत. सायकल दिसली का कोनी नाही थांबवत."

हे उत्तर दुसऱ्या दिवशी साऱ्या कॉलेजभर झालं होतं. मी रोज वेळेवर येत होते, स्कूटीवर. त्याबद्दल कुणी कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

प्रयोगशाळेत त्यांचा एक नियम होता. सीएसव्ही फाइल, म्हणजे ती साधी स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल, तिच्यावर कुणीही डबल क्लिक करायचं नाही. कुणी केलंच, तर सर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडत, "अरे, थांब! दार वाजव ना आधी!" आणि मग त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य: "फाइल उघडाच्या आधी तिले विचारा लागते, का बाई, तू कोन्या घरची होय?"

याचा अर्थ एवढाच, की मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या कोणत्या संकेतात, साठवलाय ते उघडताना सांगा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ते एका शब्दाचं काम आहे. मी माझ्या वर्गात फळ्यावर ती ओळ लिहायची, खाली दोन रेघा ओढायची आणि सांगायची, मराठी मजकूर असेल तर यूटीएफ-एट लिहायला विसरू नका. मुलं उतरवून घेत. परीक्षेत बरोबर लिहीत. पेपर संपला की विसरत.

सरांचा वर्ग शेजारीच, मधे नुसतं प्लायवूड. त्यामुळे त्यांचा पहिला तास मला दरवर्षी ऐकावा लागे. ते मुलांना आपापलं नाव मराठीत फाइलमध्ये लिहायला लावत. मग ती फाइल मुद्दाम घर न विचारता वाचायला लावत. विंडोजच्या त्या जुन्या मशिनी, त्या आपल्या मनानं काहीतरी इंग्रजी धाटणीचं गृहीत धरत आणि पडद्यावर भलतंच उमटे. एका वर्षी रजनी नावाची मुलगी होती. तिचं नाव आलं: à¤°à¤œà¤¨à¥€. वर्ग हसला. रजनी रडायच्या बेताला आली.

सर हसले नाहीत. म्हणाले, "हे तुझंच नाव होय बेटा. एक बाइट इकडची तिकडं नाही झाली. लिहिनाऱ्यानं बरोबर लिहिलं, वाचनाऱ्यानं चुकीच्या डोळ्यानं वाचलं. तू कायले रडतेस? ज्यानं वाचलं त्यानं रडावं."

प्लायवूडच्या या बाजूला माझी मुलं माझ्याकडे पाहत नव्हती, भिंतीकडे पाहत होती.

मला ते सगळं येत होतं, हे इथे नीट सांगून ठेवते. नागपूरला एमएस्सी केलं होतं, प्रथम श्रेणीत. अक्षर वेगळं, बाइट वेगळी, आपलं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, हे मला सरांनी शिकवलेलं नाही. फरक इतकाच, की मी चूक झटकन दुरुस्त करून टाकायची, त्यामुळे चूक झाली होती हेही कुणाला कळायचं नाही. सर मात्र चुकीला पाट मांडून बसवत, पाणी देत, तिची चौकशी करत. मग ती दुरुस्त झाली की मुलांना सण झाल्यासारखं वाटे.

मराठी विभागाच्या प्रमुख मॅडमनी तेव्हा एक मोठं काम हाती घेतलं होतं. झाडीपट्टीतले, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातले, शेतीचे, तलावांचे, जंगलाचे शब्द गोळा करायचे. मुलांनी आपापल्या गावातून शब्द आणायचे, कुणी मोबाइलवर टाइप करून पाठवायचे, कुणी कॉलेजात येऊन कॉम्प्युटरवर. त्या सगळ्याची एक फाइल आम्ही दोघांनी मिळून करायची असं ठरलं. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, गोंदिया आता भंडाऱ्यातून तुटून वेगळा जिल्हा झालाय, तर तिकडचे शब्द घ्यायचे की नाही? मॅडम म्हणाल्या, आपल्या जिल्ह्यापुरतंच ठेवू. माझ्याही मनात आलं होतं की हे बरोबर नाही, माझी मावशीच तिकडे दिलेली आहे. पण मी वाक्य जुळवत होते तेवढ्यात सर बोलून गेले, "जिल्हा तुटला मॅडम. बोली कुठी तुटली?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बैठकीत टाळ्या वाजवायची आमच्याकडे पद्धत नाही. पुढे पुस्तिका निघाली, तिच्या मुखपृष्ठाच्या आत हेच वाक्य छापलं.

मग तो दिवस. काम बरंच पुढे गेलं होतं, संस्थेची माणसं बघायला आली होती, सभागृहात मोठा पडदा लावला होता. प्राचार्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि फाइलवर केला डबल क्लिक. एक्सेल उघडलं आणि पडदाभर à¤ªà¤±à¥, à¤ आणि à¥ यांचं रान माजलं. एकही मराठी अक्षर नाही. मराठीच्या मॅडमचा चेहरा पांढराफटक. दोन वर्षांचं काम होतं त्यांचं.

मला क्षणात कळलं. फाइल शाबूत होती. एक्सेलला नुसती खूण हवी होती. फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची एक न दिसणारी खूण असली की त्याला कळतं, हा यूटीएफ-एट मजकूर आहे. पायथॉनमध्ये लिहिताना यूटीएफ-एटच्या पुढे 'सिग' एवढं जोडायचं, ती खूण आपोआप पडते. मी उठले, कोपऱ्यातल्या लॅपटॉपवर प्रोग्रामात तो शब्द घातला आणि फाइल नव्यानं लिहायला लावली.

तोवर सर मंचावर गेले होते. त्यांनी माइक घेतला आणि पडद्यावरचं ते रान मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. खरंच वाचलं, सूर लावून, जसं कुणी भारूड म्हणावं. संस्थेचे अध्यक्ष पोट धरून हसले. मग सर थांबले आणि म्हणाले, "हसा, हसा. आमच्या बोलीले शहरातला मानूस असाच वाचते. अक्षर तेच असते जी, त्याले घरच मालूम नसते." सभागृह एकदम गंभीर झालं. एवढ्यात माझी फाइल तयार झाली, मी ती उघडली, आणि पडदाभर शब्द उमटले: बांधी, बोडी, रोवणा, पऱ्हे.

टाळ्या थांबेनात. सर माइकवर म्हणाले, "हे मॅडमनं केलं. म्या नुसती बडबड केली. मॅडमनं दारावर पाटी लावली, आता पावना चुकनार नाही." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. किती नम्र माणूस, असं माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली.

त्यांनी श्रेय लाटलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला रागवायला कारण मिळालं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे लिहायला बसले नसते. कॉलेजातला हेवा कॉलेजात ठेवून घरी जाता येतं. पण त्या फाइलीत पऱ्हे हा शब्द दोनदा आला.

धानाची रोपं आधी एका वाफ्यात दाट उगवून घेतात, मग उपटून बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या शेतात, रोवतात. त्या रोपांना पऱ्हे म्हणतात. आसगावच्या मुलानं तो मोबाइलवरून पाठवला होता, मोहाडीच्या मुलीनं कॉलेजात टाइप केला होता. एकाखाली एक ठेवले तर डोळ्यांना काहीच फरक नाही. पण सारखे शब्द काढून टाकणारा आमचा प्रोग्राम दोघांनाही राहू देत होता. कारण साधं होतं. तो अर्धा ऱ कॉम्प्युटरात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, अख्खा एकच ऱ. दोन, साधा र आणि त्याला जोडलेला वेगळा नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका. दिसतात एकसारखे, आत मात्र निराळे. पायथॉनमध्ये दोघांना एका रूपात आणायची सोय आहे, एका ओळीची. मी ती ओळ लिहिली आणि विषय संपवला.

सरांसाठी विषय तिथे सुरू झाला. "यंत्रानं तं एक करून टाकलं मॅडम. पन खरं कोनतं? मानूस बोलते काय? तोंडातून ऱ्ह निंघते का नुसता र?" ते दोन दिवस स्टाफरूममध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला 'पऱ्हे' म्हणायला लावत होते. शिपायाला, ग्रंथपालाला, पाण्याचे कॅन टाकायला आलेल्या माणसाला. शेवटी कंटाळून मीच म्हटलं, "माझे बाबा कोंढ्याचे आहेत. जन्मभर धान रोवलं त्यांनी. त्यांना विचारा."

रविवारी सकाळी सायकल हातात धरून सर आमच्या दारात.

बाबांविषयी आता सांगायला हवं. आई गेल्यावर मी त्यांना गावाहून माझ्याकडे आणलं होतं. शिक्षणावर त्यांची फार श्रद्धा. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण विहारात व्याख्यानं ऐकून ऐकून पुस्तकी मराठी उत्तम समजे. मी नागपूरला शिकायला गेले, तिथून पहिल्यांदा सुटीत परत आले, आणि तेव्हापासून बाबा माझ्याशी त्या मराठीत बोलू लागले. शिकलेल्या लेकीशी शुद्धच बोलायचं, हा त्यांचा मान देण्याचा प्रकार. "तू जेवण केलेस काय?" "आज ऊन अधिक आहे." "मी विहारात जाऊन येतो." झालं. शुद्ध भाषेत त्यांच्याजवळ एवढंच होतं, म्हणून आमच्यात बोलणंही एवढंच होतं. मला वाटायचं बाबा अबोल आहेत.

मी आत चहा टाकला. बाहेरून सरांचा आवाज आला, "काय जी बाबा, पऱ्हे म्हनता का परे?"

आणि एक आवाज उत्तरला, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "पऱ्हे गलत जी! एक असन तं परा, लय असन तं परे. तुमच्या कॉम्प्युटरले कोन सांगतलं पऱ्हे म्हनून?"

सर खदखदून हसले. बाबाही हसले. माझे बाबा, मोठ्यानं. चहा उतू गेला. मी दुसरा टाकला, तो होईपर्यंत बाबा बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, पाण्यावर आले, मग बैलांवर, मग कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणावर. मी ट्रे घेऊन दाराशी आले तेव्हा बाबा सांगत होते, "...हिची माय रोवन्यात होती. दिवस भरले होते, पन आयकनार कोन! बांधीतच कळा चालू झाल्या. म्या खाचराले बैल जुपले, तं गाडीचं चाक फसलं चिखलात. बायांनी लुगडी आडवी धरली. हे पोरगी बोडीच्या पाळीवर झाली जी, मोहाच्या झाडाखाली. रडेच ना! मंग एका बाईनं बोडीचं पानी शितडलं तोंडावर, तं अशी बोंबलली, अशी बोंबलली, का बैल भेले."

सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "वा मॅडम! जन्मतारीख सोडा, जन्मजागाच लाखाची!"

माझा जन्म कुठे झाला हे मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर कोंढा लिहिलंय, मी घरात झाले असेन असं धरून चालले होते. माझ्या जन्माची गोष्ट माझ्या ओसरीत बसून एक परका माणूस ऐकत होता, आणि मी चहा देणारी.

सर गेल्यावर मी बाबांना विचारलं, "हे मला कधी सांगितलं नाहीत."

बाबांनी चष्मा पुसला. "तू विचारले नाहीस," ते म्हणाले. शुद्ध मराठीत.

त्यानंतर सर दर रविवारी येऊ लागले. बाबा शनिवारी संध्याकाळी शर्ट धुवायला टाकू लागले. ओसरीत दोन खुर्च्या होत्या, तरी दोघं खालीच बसत. सर मोबाइलवर एकेक शब्द टाइप करत, बाबांना दाखवत, "असा?" आणि बाबा, ज्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता, सरांना सुनावत, "असा नाही जी. हा तं शहरातल्या मानसाच्या बोलन्यासारखा झाला." मी आत रविवारचे पेपर तपासत बसे. एकाच पेपरावर दोनदा गुण देऊन मोकळी होई. मी बाहेर आले की बाबा जरा सावरून बसत आणि भाषा बदलत, जसं कुणी वडीलधारं आल्यावर माणूस विडी लपवतो. म्हणून मी बाहेर जाणंच सोडलं.

त्याच वर्षी कॉलेजात कायम जागा निघाली, एकच. मुलाखतीला आम्ही दोघंही गेलो. जागा मला मिळाली. माझे गुण जास्त होते, अनुभव जास्त होता, कागद सगळे जागच्या जागी होते. सरांना आत विचारलं, पीएचडीचं काय, तर ते म्हणे म्हणाले, "विषय सापडून राहिला." स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्रत्येकानं पेढा तोंडात टाकला, अभिनंदन म्हटलं, आणि तोच पेढा गिळता गिळता म्हटलं, "पण सर जातील आता. वाईट झालं."

सर खरंच गेले. गडचिरोलीकडे कुणीतरी गोंडी शब्दांचं असंच काम सुरू केलं होतं, तिथे. जायच्या दिवशी मुलं फाटकापर्यंत पोचवायला गेली. रजनी, जी तोवर शिकून बाहेर पडली होती, खास आली होती. मलाही ते भेटायला आले. म्हणाले, "बरं झालं मॅडम, तुमाले भेटली जागा. माझ्यानं ते हजेरीपुस्तक नसतंच सांभाळून झालं." त्यात कडवटपणाचा लवलेशही नव्हता. मी शोधला. सापडला नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी धुतलेला शर्ट घातला आणि ओसरीत बसले. मी सांगितलं, सर गडचिरोलीला गेले, मागच्याच आठवड्यात सांगून गेले ना तुम्हाला? "मला ज्ञात आहे," बाबा म्हणाले. तरी बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही. जेवण कमी झालं. विहारात जाणंही कमी झालं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक म्हणाले. महिनाभरानं एका दुपारी ते तसेच खाली बसलेले, भिंतीला टेकून, आणि मला ते बघवेना. मी बाहेर गेले. खुर्चीवर बसणार होते, पण खालीच बसले. वर्षानुवर्षं तोंडात न आलेली भाषा जुळवत म्हटलं, "काहून बाबा, गुमसुम बसून राहिले?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुले नाही जमत वं ते," ते म्हणाले. "'काहून जी बाबा' म्हनावं. बापाले 'जी' लावा लागते."

तुले. मी सरकून भिंतीला टेकले, त्यांच्या शेजारी.

मग बाबा बोलू लागले. ऊन ओसरीतून अंगणात उतरलं, कुंपणापलीकडे गेलं, तरी बोलत होते. मी रविवारमागून रविवार ज्या आवाजासाठी आतल्या खोलीत कान लावून बसले होते तो आवाज माझ्याशी बोलत होता, त्याच्या स्वतःच्या भाषेत, हातवारे करत. आणि बोलत होता ते सगळं सरांविषयी. सर कसे खाली बसत, सरांना मोहाच्या फुलांचा वास कसा ओळखता येईना, सर एकदा बाबांना सायकलवर बसवून स्वतः कसे पायी चालले. इतकी जळले मी त्या दुपारी, जितकी पेढ्यांच्या दिवशीही जळले नव्हते.

बाबा श्वास घ्यायला थांबले. मी म्हटलं, "मंग काय झालं जी?"